मित्र गेल्यावर कुत्र्याला घेऊन चैत्र कसा काढावा

टेकडीवर नावाने कोणी कोणाला ओळखत नाही. मी 'बंड्याचे काका'. टेलिफोन खात्यात 36 वर्षं काढली, त्यातली निम्मी केबलच्या खड्ड्यात, पण वर त्याचं कोणाला काही नाही. बंड्या गावठी आहे, तांबूस, एक कान उभा आणि एक पडलेला, वय सात. तो पिल्लू होता तेव्हापासून आम्ही पौड रोडच्या बाजूने पुण्यातली वेताळ टेकडी चढतो. वर खाणीच्या अलीकडे एका कट्ट्यावर आम्ही चौघे बसायचो. बुवा दिवाळीनंतर मुलाकडे बंगळुरूला गेले. मास्तर पौषात गेले, ते कायमचेच. नाना 2025च्या होळीच्या आठवडाभर आधी गेला. उरलो मी आणि बंड्या, म्हणजे फार तर दीड माणूस.

त्या दोन महिन्यांत मी काय चुकलो आणि काय जमलं ते लिहून ठेवतोय. घरी कुत्रा असेल, रोजचं फिरणं असेल आणि बरोबरची माणसं एकेक करून कमी होत असतील तर उपयोगी पडेल. चुकलेलं आधी सांगतो.

जेवत नाही? आधी थर्मामीटर

नाना गुरुवारी गेला. शनिवारपासून बंड्याने ताटलीकडे बघणं सोडलं. दाराशी पडून राहायचा. हाक मारली की नुसता डोळा उघडायचा. सोसायटीत बातमी पसरली. "मुक्या जनावराला सगळं कळतं हो." कोणी रायगडावरचा वाघ्या काढला, कोणी धर्मराजाबरोबर शेवटपर्यंत चाललेला कुत्रा. एका मुलीने फोटो काढून ग्रुपवर टाकला, त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. खरं सांगतो, मला बरं वाटलं. घरात नानासाठी जेवण टाकणारा मी एकटाच नाही असं वाटलं.

चौथ्या दिवशी जिना झाडणाऱ्या मावशींनी त्याचा ओठ वर उचलून बघितला. म्हणाल्या, "काका, हिरड्या बघा याच्या. पांढऱ्याफटक झाल्यात." मग रिक्षा केली.

ताप 104च्या वर. रक्त तपासलं तर प्लेटलेट साठ हजार, कुत्र्याला त्या साधारण दोन लाखांच्या पुढे लागतात. गोचीडताप. डॉक्टरांनी विचारलं, "किती दिवस झाले?" म्हटलं, चार. "मग चार दिवस काय करत होतात?" काय सांगणार? दुःख करत होतो.

तर पहिली गोष्ट ही. फाल्गुन-चैत्रात ऊन वाढायला लागलं की गोचिडीही वाढतात, आणि आपल्या घरात कोणी गेलं म्हणून त्या थांबत नाहीत. कुत्रा मलूल दिसला, चोवीस तास जेवला नाही, तर कारण आपल्या मनाने ठरवू नका. कुत्र्याचं अंग आपल्यापेक्षा गरमच असतं, 101 ते 102.5 फॅरनहाइट हे त्याचं नेहमीचं. हात लावून ताप कळत नाही. बटणाचा साधा थर्मामीटर वेगळा घेऊन ठेवा, त्यावर मार्करने कुत्र्याचं नाव लिहा (का ते लगेच कळेल), टोकाला व्हॅसलिन लावा आणि शेपटी वर धरून गुदद्वारात इंचभर सरकवा. एकाने डोकं धरायचं. घरात दुसरं माणूस नसेल तर त्याला भिंतीच्या कोपऱ्यात उभा करा. 103च्या वर गेला की दवाखाना. हिरडीवर अंगठा दाबून सोडा. पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवा. मुळातच फिकट असेल, नाकातून रक्त येत असेल किंवा लघवी गडद असेल तर सकाळची वाट बघू नका.

बंड्याला 28 दिवस डॉक्सिसायक्लिन चाललं. गोळी रिकाम्या पोटी देऊ नका, ओकून टाकतो. आणि तिसऱ्या दिवशी उड्या मारायला लागला म्हणून बंदही करू नका. किती द्यायची ते डॉक्टर वजन करून ठरवतात. शेजारच्या लॅब्रॅडॉरची चिठ्ठी गावठी कुत्र्याला चालत नाही. आपल्या डब्यातल्या तापाच्या, अंगदुखीच्या गोळ्या तर अजिबात नकोत. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात जखमा होतात, मूत्रपिंड जातं.

त्याच आठवड्यात मुलीने माझा गोळ्यांचा डबा उघडून बघितला. बीपीची सहा दिवसांची पाकिटं तशीच होती.

संध्याकाळच्या बातम्या आणि गोचिडी

आता रोज सातच्या बातम्या लागल्या की बंड्याला पायाशी आडवा पाडतो. बातम्यांत एरवीही बघण्यासारखं काही नसतं. बोटं केसांच्या उलट दिशेने फिरवायची. कानाच्या आत, पट्ट्याखाली, काखेत, शेपटीच्या मुळाशी आणि पायांच्या बोटांच्या बेचक्यात बघायचं. बेचक्यात सगळ्यात जास्त सापडतात आणि तिथेच बघायचं राहतं. रक्त प्यायलेली मादी राखाडी, एरंडाच्या बी एवढी फुगते. उपाशी गोचीड मात्र तिळाएवढी असते, चष्मा लावा.

काढताना चिमटा कातडीला लागून धरायचा आणि सरळ, सावकाश ओढायचं. पिळायचं नाही, नखाने चिरडायचं नाही. काडीने चटका देणं, रॉकेल चोळणं, तंबाखूचं पाणी, हे सगळं आमच्या गावाकडे करायचे, मीही केलंय. त्याने कुत्र्याची कातडी जळते, आणि गोचीड चिडली की पोटातलं घाण पाणी उलट त्याच्याच रक्तात सोडायची भीती. काढलेली गोचीड खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत थोडं स्पिरिट घालून त्यात टाका. बंड्याच्या आजारपणात आमची बाटली दोनदा रिकामी करावी लागली.

अर्धं काम घराचं असतं. मादी एका वेळी हजारांनी अंडी घालते, तीही कुत्र्यावर नाही, भिंतीच्या भेगेत, दाराच्या चौकटीमागे, पलंगाच्या सांध्यात. त्याचं पोतं, चादर गरम पाण्यात धुवा, उन्हात टाका, भेगा बुजवा. मानेवर सोडायचं औषध किंवा महिन्याची गोळी डॉक्टरांना विचारून सुरू करा, आणि ती पावसाळ्यात सुरू न करता माघातच करा.

टेकडीवर या दिवसांत काय काय असतं

लोक वसंत म्हटलं की पळसाकडे बघतात. बघावंच, काटेसावर आणि पांगारा पण बघा, गिरिपुष्पाने तर अख्खा उतार फिकट गुलाबी होतो. पण कुत्रा ज्याच्या हातात आहे त्याने खाली बघावं.

खाली असतं कुसळ. पावसाळ्यात हिरवंगार दिसणारं गवत आता वाळलेलं असतं, आणि त्याची कुसळं भाल्यासारखी एकाच दिशेने आत घुसतात, मागे येत नाहीत. पायमोज्यात घुसलेलं आपल्याला टोचतं तरी. कुत्र्याच्या बेचक्यात गेलं तर तो चालताना काही बोलत नाही, घरी येऊन एकच पंजा चाटत बसतो. तिथे गाठ आली, पू आला तर ते आत गेलंय, घरी सुईने उकरू नका. एकाच बाजूला मान कलती करून डोकं झटकत असेल तर कानात गेलंय. मी आता घराच्या दारातच चारही पंजे ओल्या फडक्याने पुसतो, मगच आत.

दुसरं, वणवा. उन्हाळ्याच्या तोंडावर टेकडीचा एखादा तुकडा दरवर्षी जळतो. राखेत जळक्या झुडपांचे खुंट उभे असतात, ते पंजाच्या गादीत सरळ शिरतात. काळा पट्टा दिसला की वळसा घाला.

तिसरं, साप. घोणस आणि नाग दोन्ही आहेत आणि ऊन तापलं की तेही बाहेर पडतात. साखळी आखूड धरा, दगडांच्या ढिगात नाक घालू देऊ नका. चावलाच तर दोरी बांधणं, चिरा देणं यात वेळ घालवू नका, उचलून सरळ प्राण्यांच्या दवाखान्यात, वाटेतून फोन करून. साखळी मोरांसाठीही हवी. आमचा बंड्या मोराला कधी पकडणार नाही, पण त्याला स्वतःला हे माहीत नाही.

आणि ऊन. पुण्यात मार्च सरता सरता दुपारचा पारा पस्तिशी ओलांडतो. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, पंजांतून थोडासा, बाकी सगळी भिस्त धापेवर. डांबरावर हाताची उलटी बाजू टेकवा आणि सातपर्यंत मोजा. ठेवता आला नाही तर त्यालाही चालवू नका. आम्ही साडेपाचला निघतो, साडेसातला घरी. बाटली आपल्यासाठी एक, त्याच्यासाठी एक. तो धापा टाकत कोसळलाच, जीभ गडद लाल झाली, लाळ चिकट झाली, तर सावलीत न्या, पोटावर आणि पायांवर साधं पाणी ओता, वारा घाला आणि तसाच ओला दवाखान्यात न्या. घोट घोट पाणी, तेही शुद्धीवर असेल तरच.

सणाचं ताट

आमच्याकडे नाना गेल्यामुळे होळीला पोळी भाजली नाही की पाडव्याला श्रीखंड आणलं नाही, पण शेजारून आलं. दुःखाच्या घरी लोक खायला फार पाठवतात. माणसं खात नाहीत, मग ते कुत्र्याला जातं. तिथे जपा. द्राक्षांचा हंगाम असतो, कोणी ना कोणी नाशिकची पेटी देतं. द्राक्ष, मनुका, बेदाणा यांनी कुत्र्याची किडनी बंद पडू शकते, एक-दोन दाण्यांनी काही होत नाही असं धरून चालू नका. म्हणजे बेदाणे घातलेला शिरा नाही, कांदा-लसणाची आमटी नाही, चॉकलेट नाही, जायफळ घातलेलं श्रीखंड नाही. आंबा आला की बाठा त्याच्या हाती लागू देऊ नका, आतड्यात अडकतो. कलिंगड चालतं, बिया आणि साल काढून. नाना रोज त्याच्या वाटणीच्या फोडी डब्यातून आणायचा.

धुळवडीला त्याला घरात ठेवा. रंग उडालाच तर सुका असताना झटकून काढा, मग साध्या पाण्याने. तो स्वतः चाटून साफ करायला लागण्याच्या आत.

लोक विचारतात तेव्हा

टेकडीवर रोज भेटणारी पण घरचं काही माहीत नसलेली माणसं शंभर तरी असतात. ती विचारणारच, "आज तुमचे ते मफलरवाले नाही दिसले?" पहिल्या आठवड्यात मी मास्तरांची सगळी हकीकत अकरा वेळा सांगितली, दवाखान्यापासून वैकुंठ स्मशानभूमीपर्यंत. घरी आलो की झोपावं लागायचं. एक वाक्य ठरवून ठेवा. माझं होतं, "मास्तर गेले हो, पौषात. बंड्या, चल." शेवटचे दोन शब्द महत्त्वाचे. कुत्रा ओढतोय म्हटल्यावर लोक सोडतात, आणि कुत्र्याला तेवढ्यापुरता खोटं बोलायला लावण्यात पाप नाही.

मित्राच्या घरी कुत्र्याला नेताना आधी विचारा. सुतकात, पाहुण्यांच्या गर्दीत, त्याची अडचणच होते. मी बंड्याला तेराव्यानंतर नेला. दहाव्याला ओंकारेश्वरावर मात्र मी एकटाच. पिंडाला कावळा शिवेना. मुलगा म्हणाला, आईला सांभाळीन. भाऊ म्हणाला, शेताचा वाद मिटवतो. कावळे झाडावर ढिम्म. शेवटी मी मनात म्हटलं, नाना, बंड्याच्या फोडी मी आणत जाईन. तरी काही नाही. मग गुरुजी पाणी प्यायला बाजूला झाले आणि दोन कावळे एकदम उतरले.

बिल्ला आणि कागद

बंड्याच्या पट्ट्याला पत्र्याचा बिल्ला आहे, त्यावर दोन मोबाइल नंबर. एक माझा. दुसरा, मी उचलला नाही तर म्हणून, नानाचा. हे मला त्याच्या आजारपणात गोचिडी बघताना दिसलं. तुम्ही आजच बघा, दुसरा नंबर कोणाचा आहे आणि तो फोन अजून कोणी उचलतं का. पौड रोडवर चावीवाल्याकडे पाच मिनिटांत नवा कोरून मिळाला, आता त्यावर मुलीचा नंबर आहे.

तेवढ्यावर थांबू नका. मी 71 वर्षांचा आहे. गावठी कुत्रं बारा-चौदा वर्षं सहज काढतं. फ्रिजवर एक कागद लावून ठेवलाय. त्यावर रेबीजची आणि दुसऱ्या लसीची पुढची तारीख, महापालिकेच्या परवान्याचा नंबर, डॉक्टरांचा फोन, गोचिडीची गोळी कोणत्या तारखेला. मग खाली हाताने लिहिलेलं: वळवाच्या गडगडाटाला घाबरतो, न्हाणीघरात जाऊन बसतो, ओढून काढू नये. दुधाने पोट बिघडतं. दाढीवाल्या माणसावर भुंकतो, चावत नाही. सर्वांत खाली, मी नसलो तर हा कोणाकडे जाणार त्याचं नाव, आणि त्या माणसाने स्वतः केलेली सही. नुसतं "बघू हो" चालत नाही. ते मीही नानाला म्हणालो होतो, त्याच्या फिशटँकबद्दल.

दुःखात आहात म्हणून पिल्लू आणायला कोणी सुचवलं तर ऐकू नका, साठीनंतर तर नकोच. आणायचंच असेल तर सहा-सात वर्षांचं, शांत झालेलं कुत्रं निवाऱ्यातून आणा. अशांना कोणी नेत नाही, आणि त्यांना तुमची चाल जमते. साखळी मनगटाला गुंडाळू नका, त्यापायी एका ओळखीच्या गृहस्थांचा खुबा मोडलाय.

कट्ट्यावर

मास्तर गणिताचे. शर्टाच्या खिशात कागदात गुंडाळून ग्लुकोजची दोन बिस्किटं आणायचे. बंड्या समोर येऊन बसला की विचारायचे, "सात साती?" बंड्या एकदा भुंकायचा. "चूक," म्हणायचे, आणि बिस्कीट द्यायचे. सहा वर्षं हेच. नाना दरवेळी तितकाच हसायचा.

मास्तर गेल्यावर मी वाटच बदलली. म्हटलं, हनुमान टेकडीकडे जाऊ, तो कट्टा नकोच. बंड्या नेहमीच्या फाट्यावर बसला तो उठेना. मी ओढलं, त्याने चारही पाय रोवले. तीन दिवस ओढाओढ झाली आणि माझाच खांदा धरला. वाट बदलू नका. फार तर वेळ बदला. वीस मिनिटं लवकर निघालं की कट्टा रिकामा मिळतो, विचारणारे भेटत नाहीत, ऊनही लागत नाही.

तिथे पोचल्यावर साखळी सैल सोडायची आणि त्याला हुंगू द्यायचं. बंड्या मास्तर बसायचे तो कोपरा हुंगायचा, मग नानाची जागा, मग कट्ट्याला वळसा घालून परत कोपरा. मग ताठ बसायचा, पायवाटेकडे तोंड करून. पहिल्या दिवसांत सात-आठ मिनिटं बसायचा. बसू द्या. चल-चल करू नका, कुरवाळून रडूही नका, ते त्याला वेगळंच काहीतरी वाटतं. आपण शेजारी बसायचं, पाणी प्यायचं. आणि एक गोष्ट कधीही करू नका, घरातल्या पोरांनाही बजावून ठेवा: "नाना आला? कुठंय नाना?" असं गमतीने विचारायचं नाही. माझ्या नातवाने एकदा विचारलं. बंड्या दाराकडे पळाला आणि बराच वेळ तिथेच उभा राहिला.

खाली जाववत नसेल त्या सकाळी टेकडी सोडून द्या, पण फाटकापर्यंत तरी दहा मिनिटं जाच. त्याला जावं लागतंच, दिवसातून तीनदा, तुमचं मन असो नसो. जेवणाच्या वेळा तशाच ठेवा. अंथरुणात घेत नसाल तर आता घ्यायला लागू नका, नंतर उतरत नाही. (मी घेतला. उतरत नाही.)

औषधाचे 28 दिवस संपले त्या आठवड्यात आम्ही पहिल्यांदा परत वरपर्यंत गेलो. डॉक्टरांनी रक्त पुन्हा तपासून हो म्हटल्यावर, आणि अर्ध्यात दोनदा बसून. करंजाला कोवळी पालवी आली होती, बुंध्याशी वावळाच्या वाळक्या चकत्या उडत होत्या. बंड्याने कोपरा हुंगला, नानाची जागा हुंगली, आणि दोन मिनिटांत येऊन माझ्यासमोर बसला. मी खिशातून कागद काढला. विचारून बघितलं, "सात साती?"

तो भुंकला नाही. माझ्या हाताकडे बघत राहिला. "बरोबर," म्हटलं आणि बिस्कीट दिलं. दुसरं मागायला लागला, ते मी खाल्लं. मैदा आणि साखर असते त्यात, कुत्र्याला एकाच्या वर देऊ नका, आणि पाकीट घरीच ठेवून या.